सहा नंबरची चार वर्षं

शनिवारी सकाळी दहाच्या आत काकांना फोन करायचा नाही, हा अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींचा अलिखित नियम होता. अलिखित असूनही काका तो दर सहा महिन्यांनी सगळ्यांना ईमेल करून कळवत. कारण असं की जपानमधल्या शाळकरी मुलींच्या फुटबॉल मॅचेस इकडच्या शुक्रवारी रात्री होतात, काका त्या शनिवारी सकाळी रेकॉर्डिंग लावून बघतात, आणि मधल्या वेळात कोणी स्कोअर सांगितला तर त्यांचा आठवडा नासतो. आता जपानच्या एका कोपऱ्यातल्या समुद्राकाठच्या गावी अठरा वर्षांखालच्या मुलींनी किती गोल केले, हे माहीत असणारा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. तरीही शनिवारी सकाळी कोथिंबीर आणायला इंडियन स्टोअरमध्ये जायची पाळी आलीच, तर काका कानांवर मोठे हेडफोन चढवून जात. काउंटरवरच्या गुजरातीबेन काहीतरी बोलून जातील ही धास्ती.

काका म्हणजे माझे सख्खे, चुलत, मावस असे कोणीच नव्हेत. मी सोलापूरहून लग्न होऊन ट्रॉयला आले, वर्षभर घरात बसून भिंतींचे रंग पाठ केले आणि मग ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला चिकटले. तिथं काका आधीपासून होते. तिथली मशिनं नंतर आली म्हणत. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं, तर ते म्हणाले, "सर इकडे पोलिसाला म्हणतात. मला काका म्हण." मूळचे नागपूरचे. अमेरिकेत पस्तीस वर्षं काढून बोलण्यातलं नागपूर बरंचसं उडून गेलं होतं, पण चिडले किंवा हेलावले की परत यायचं.

त्यांचं काम ट्रेसेबिलिटीचं. म्हणजे एखाद्या गाडीच्या ब्रेकमधली पिन खराब निघाली, तर ती कुठल्या दिवशी, कुठल्या मशिनवर, कुठल्या लॉटमध्ये तयार झाली आणि तिची भावंडं आता कुठं कुठं आहेत, हे शोधून काढायचं. काका ते चहा निवायच्या आत सांगत. "एकतीस वर्षं झाली, माझ्या हातून एक पार्ट हरवला नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. नवरा नव्या नोकरीत रुळला का असं कोणी मला विचारलं, तरी शेजारून तेच उत्तर यायचं. पार्टवर नंबर असतो, नंबर कधी बदलत नाही, नंबर कधी खोटं बोलत नाही, हा त्यांचा धर्म होता. देवाला ते मानत नसत, पण बारकोडला मानत.

मी गाडीच्या रोड टेस्टला दोनदा नापास झाले होते, त्यामुळे काका मला रोज सकाळी घेऊन जात. सात वाजून दहा मिनिटांनी. अकरावं मिनिट लागलं तर हॉर्न. गाडीत गाणी लावायची पद्धत नव्हती. काका ज्या मुलींच्या मॅचेस बघत, त्यांच्याच गावच्या क्लबची मोठ्या बायकांचीही टीम होती, आणि तिच्या लीग मॅचेसची जपानी कॉमेंट्री लागायची, नुसता आवाज. मला जपानी येत नव्हतं. काकांनाही येत नव्हतं. चाळीस मिनिटं आम्ही दोघं मिळून न समजणारी भाषा ऐकायचो, आणि मधेच काका स्टीअरिंगवर थाप मारून "काय पास दिला!" असं म्हणायचे. ती टीम लीगमध्ये कायम मधोमध असायची. वर जायची ईर्षा नाही, खाली घसरायची हिंमत नाही. काकांना हे फार भावलं होतं. "स्टेबल प्रोसेस," ते म्हणायचे.

कॉमेंट्री ऐकून ऐकून त्यांना पंधराएक जपानी शब्द मात्र आले होते. कॉर्नर, ऑफसाइड, बदली खेळाडू, आणि बॉल गोलपोस्टला चाटून गेल्यावर कॉमेंटेटर जे हळहळून म्हणतो ते 'थोडक्यात हुकलं'. कंपनीच्या जपानी प्रेसिडेंटच्या सासूबाई वारल्या, तेव्हा काकांनी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन गंभीर चेहऱ्यानं आणि शुद्ध जपानीत सांगितलं, "थोडक्यात हुकलं." प्रेसिडेंट उठून कमरेत वाकले. ते कशासाठी वाकले हे विचारायचा धीर कोणाला झाला नाही.

हे खूळ लागलं कसं, तर कंपनीनं त्यांना एकदा सहा आठवडे जपानच्या त्या समुद्राकाठच्या गावी, तिथल्या कारखान्यात पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी करायला काही नाही म्हणून काका नदीकाठानं फिरत होते, तर मैदानात मुलींची मॅच चालू. तिकीट नाही, गर्दी नाही. मॅच संपली, हरलेल्या मुली एका ओळीत उभ्या राहिल्या आणि रिकाम्या मैदानाला वाकून नमस्कार करून आपापल्या पाण्याच्या बाटल्या उचलून गेल्या. "मैदानाला! अगं, बघायला कोणी नाही, आणि पोरी मैदानाला थँक्यू म्हणून राहिल्या," हे सांगताना काकांचा आवाज बदलायचा. मला त्यात इतकं काय आहे ते कळायचं नाही. आमच्या शाळेतही खेळाचा तास संपल्यावर आम्ही मैदानाला काहीबाही म्हणायचो, पण ते लिहिण्यासारखं नव्हतं.

ट्रॉयला परतल्यावर त्यांना शोध लागला की कोणा मुलीचे वडील मैदानाशेजारच्या गच्चीवर कॅमेरा ठेवून ह्या मॅचेसचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकतात. कॅमेरा एका जागी घट्ट. माणूस बहुधा तो चालू करून जेवायला जात असावा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात नको ती शंका आली, खोटं कशाला बोलू. साठी उलटलेला माणूस आणि शाळकरी मुली. पण मग मी तो व्हिडिओ बघितला. सगळ्या मुली मुगाच्या दाण्याएवढ्या. चेहरा सोडाच, हात कुठला आणि पाय कुठला हे ठरवायला चष्मा पुसावा लागे. दिसायचा तो फक्त पाठीवरचा नंबर, तोही उन्हाचा कोन बरा असेल तर.

त्या मुगाच्या दाण्यांतून काकांनी सहा नंबर निवडला. गोल करणारी नव्हे, मधल्या फळीत मागं राहून दुसऱ्यांनी घातलेला गोंधळ निस्तरणारी. "स्ट्रायकर कोणीही ओळखतो," काका म्हणत. "गोल म्हणजे डिलिव्हरी. मी प्रोसेस बघतो." आणि मग रजिस्टर सुरू झालं. कंपनीत वापरतात तसलं, निळ्या पुठ्ठ्याचं. प्रत्येक मॅचला एक पान. सहा नंबरनं बॉलला किती वेळा पाय लावला, कुठल्या पायानं, कुठं दिला, पडली किती वेळा, उठायला किती सेकंद लागले. दोन्ही मुलांच्या ग्रॅज्युएशनला काका खुर्चीत झोपले होते, हे काकू कोणालाही सांगायच्या. "आमच्या धाकट्यानं कुठली डिग्री घेतली ते विचारा ह्यांना. नाही सांगता येणार. आणि त्या पोरीनं ऑक्टोबरात किती थ्रो-इन टाकले ते सांगतील." काकू काउंटीच्या ऑफिसात नोकरीला होत्या आणि त्यांचं बोलणं नोटिशीसारखं असे. मोठा मुलगा क्युपर्टिनोहून फोन करून म्हणायचा, "डॅड, गेट अ हॉबी." काका उत्तर द्यायचे, "हॅव वन," आणि फोन काकूंकडे द्यायचे.

पहिल्या वर्षाच्या रजिस्टरात पानोपानी एक शेरा होता : डावा पाय कच्चा. बॉल डावीकडे आला की पोरगी वळसा घालून तो उजव्या पायावर घ्यायची. मग हिवाळा गेला, एप्रिलात नवा मोसम लागला, आणि दुसऱ्या रजिस्टराच्या पहिल्याच पानावर काकांनी लाल शाईनं लिहिलं : डाव्या पायानं चाळीस यार्डांचा पास!! दोन उद्गारचिन्हं. काकांच्या आयुष्यातली बहुधा पहिलीच. सोमवारी सकाळी ते मला घ्यायला सात वाजून सहा मिनिटांनीच आले.

"एका हिवाळ्यात," गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. "बर्फ पडून राहिला असेल, अंधारात उठून पोरीनं भिंतीवर बॉल मारला असेल. डावा, डावा, डावा. आणि तू? तुला टेस्टच्या दोन प्लास्टिकच्या ट्रॅफिक-कोनांच्या मधे गाडी लावता येत नाही."

त्यानंतर त्या डाव्या पायानं ट्रॉयला सळो की पळो केलं. मराठी मंडळाच्या बक्षीस समारंभात काकांना पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं, ते पंचवीस मिनिटं बोलले. विषय, डावा पाय. पुढं बसलेली पोरं स्पेलिंग बी आणि कथकची बक्षिसं घ्यायला आली होती. त्यातल्या एका चष्मेवाल्या मुलीनं हात वर करून विचारलं, "अंकल, व्हॉट्स हर नेम?"

"नेम इज नॉट इम्पॉर्टंट," काका म्हणाले. "नंबर सिक्स."

नावाचं त्यांचं आणि भाषांतराच्या अ‍ॅपचं जमत नव्हतं. व्हिडिओखाली जपानीत खेळाडूंची यादी असायची, काका ती अ‍ॅपला वाचायला लावत, आणि अ‍ॅप एका मोसमात सहा नंबरचं एक नाव सांगे, तर दुसऱ्या मोसमात भलतंच. काकांनी अ‍ॅपला तीनदा तक्रारीचा ईमेल लिहिला आणि नावाचा नाद सोडला.

लोक हसले, पाठीमागं नकला झाल्या. मीही केल्या, आणि बऱ्या करायचे. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या दोन बादल्या ठेवून बर्फात गाडी मागं घ्यायला शिकले. बादल्या फुटल्या, नव्या आणल्या. थंडीनं बोटं वळेनाशी झाली की मी त्या मुलीला आठवायची. ती तिकडं भिंतीवर बॉल मारते आहे, मग मला काय धाड भरली आहे? तिसऱ्या टेस्टला मी पास झाले. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "हं. लेट डिलिव्हरी."

तिसरा मोसमही तसाच गेला. चौथ्या मोसमात सहा नंबर जरा बुटकी दिसायला लागली आणि भलतीच चपळ. काकांनी नोंद केली : वजन उतरवलं, वेग वाढला, केस कापले. आणि त्या वर्षी उन्हाळ्यात बातमी आली की ह्या क्लबच्या सहा नंबरची जपानच्या वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय टीममध्ये निवड झाली. सतरा वर्षांखालच्या, वीस वर्षांखालच्या अशा जपानच्या सगळ्या टीम्स काका बघायचेच, पण त्यात त्यांचं असं कोणी नव्हतं. आता होतं. काकांनी कंपनीत पेढे वाटले. गोऱ्या लोकांना वाटलं की काकांना नात झाली. काकांनी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

त्याच शरदात काका रिटायर होणार होते. कंपनीची पद्धत अशी की शेवटच्या शुक्रवारी जेवण, केक आणि रिटायर होणाऱ्यानं दहा मिनिटं चार शब्द बोलायचे. काकांनी बेचाळीस स्लाइड्स केल्या. विषय, 'चार वर्षं, एक पार्ट'. सहा नंबरच्या चार मोसमांचा अखंड आलेख : डावा पाय कसा सुधारला, वेग कसा वाढला आणि माल शेवटी राष्ट्रीय टीमपर्यंत कसा पोचला. प्रेसिडेंट येणार, डिपार्टमेंटचे साठ लोक येणार, आमंत्रणावर विषय छापून झालेला. एकतीस वर्षं एकही पार्ट न हरवलेल्या माणसाचा हा शेवटचा आणि सगळ्यात लांबचा माग होता. तो किती लोकांना झेपेल हा प्रश्न वेगळा.

"पहिल्या स्लाइडवर तिचं नाव पाहिजे," सोमवारी काका मला म्हणाले. "प्रेसिडेंट जपानी आहेत, नाव जपानीत पाहिजे. त्या अ‍ॅपवर माझा भरवसा नाही. तू त्या लायब्ररीतल्या बाईंना विचारून ये."

लायब्ररीतल्या बाई म्हणजे नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षांसाठी आलेल्या एक जपानी गृहिणी. संध्याकाळी त्या लायब्ररीत मुलांना कागदाचे पक्षी करायला शिकवत. मी त्यांच्यापुढं चारही मोसमांच्या याद्या ठेवल्या आणि सहा नंबरपुढचं नाव लिहून द्या म्हटलं. त्यांनी पहिल्या यादीवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. मग परत पहिलीवर आल्या. जपानी माणसं वाईट बातमी फार हळू आवाजात सांगतात. त्या म्हणाल्या, "कदाचित इथं थोडा फरक आहे."

थोडा फरक असा होता की पहिल्या वर्षीची सहा नंबर एक मुलगी होती, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दुसरी आणि चौथ्या वर्षाची तिसरी. एप्रिलात मोठ्या मुलींची शाळा संपते, त्या जातात आणि टीममध्ये नंबर नव्यानं वाटतात, असं बाईंनी समजावलं. जपानात हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं म्हणे. डावा पाय कोणी सुधारला नव्हता. दुसरी मुलगी जन्मानंच डावखुरी असणार. वजन कोणी उतरवलं नव्हतं, केस कोणी कापले नव्हते. कारखान्यात पार्टचा नंबर मरेपर्यंत तोच राहतो, म्हणून काकांनी माणसांचाही तोच धरला होता.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. आधी हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. चार हजार खोकी एका लेबलच्या चुकीपायी ज्यांनी मला परत मोजायला लावली होती, ते काका! मग एकदम राग आला. ज्या पोरीच्या भरवशावर मी बर्फात बादल्या फोडल्या, ती जगात कधी नव्हतीच. आणि मग मला शुक्रवार दिसायला लागला. साठ माणसं, प्रेसिडेंट, बेचाळीस स्लाइड्स. एका तरी जपानी माणसाला एप्रिलची गोष्ट माहीत असणारच. तो सभ्यपणे गप्प बसेल आणि जेवणानंतर ती गोष्ट सगळ्या मजल्यांवर फिरेल. एकतीस वर्षांचं नाव केक कापायच्या आत जाईल. न सांगणं सोपं होतं. मी रात्रभर स्वतःला सांगितलं की न सांगणंच दयेचं आहे. सकाळी मला कळलं की मी फक्त भित्री आहे.

मंगळवारी माझी गाडी असूनही मी काकांच्या गाडीतून गेले आणि सगळं सांगितलं. तिन्ही नावांचा कागद समोर ठेवला. काकांनी कॉमेंट्री बंद केली. त्यांनी आमची एक्झिट चुकवली, पुढचीही चुकवली. मग म्हणाले, "अ‍ॅप बरोबर सांगून राहिला होता. मी त्याला शिव्या घातल्या."

बुधवारी ते आले नाहीत. गुरुवारीही नाही. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात नोटीस नव्हती. "बेसमेंटमध्ये बसून आहेत गं. चारी रजिस्टरं उघडी. चहा नेला तो तसाच. मी म्हटलं, कळवून टाका तब्येत बरी नाही, प्रोग्रॅम कॅन्सल करा. तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत वरच आले."

मी सांगायला नको होतं असं मला तेव्हा फार वाटलं.

शुक्रवारी काका आले. टाय लावून. कॉन्फरन्स रूममध्ये सगळे हातात प्लेट घेऊन बसले होते आणि मी मागच्या दाराशी उभी होते, कारण वेळ आली तर पटकन पळता यावं. पहिली स्लाइड लागली. 'चार वर्षं, एक पार्ट'. त्यातल्या 'एक' वर आडवी रेघ होती आणि वर 'तीन' लिहिलं होतं. बाकीच्या एकेचाळीस स्लाइड्स काकांनी काढून टाकल्या होत्या. आणखी एकच, नवी घातली होती.

काकांचं इंग्रजी साधं, जरा खडबडीत. ते म्हणाले, "चार वर्षं मी एक पार्ट ट्रॅक केला. ह्या मंगळवारी मला कळलं की ते तीन होते. टॅगिंगची चूक माझी आहे, मटेरियलची नाही. रूट कॉज : मी नंबर बघितला, माणूस बघितला नाही." कोणीतरी हसलं. काका थांबले. तो गप्प झाल्यावर पुढं म्हणाले, "तिसऱ्या मुलीची निवड झाली. तिची मला काळजी नाही. तिला बघायला आता पुष्कळ लोक आहेत. पण पहिली कच्च्या डाव्या पायाची, ती मार्चमध्ये संपली. दुसरी दोन वर्षं खेळली आणि तीही संपली. माझ्या रजिस्टरात त्या पुढच्या मुलीत जमा झाल्या, म्हणून त्या गेल्या हे मला कळलंच नाही. पास झालेला पार्ट कुठं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या डिपार्टमेंटचं काम नेहमी उरलेल्यांचं आहे." आणि त्यांनी दुसरी स्लाइड लावली. तिच्यावर 'करेक्टिव्ह अ‍ॅक्शन' असं शीर्षक होतं, आणि खाली एकच ओळ : पहिली आणि दुसरी सध्या कुठं आहेत?

एच.आर.ची बाई केकची सुरी धरून तशीच उभी होती. मग प्रेसिडेंट उठले, खिशातली छोटी वही काढली आणि काकांना विचारलं, "कुठला क्लब म्हणालात?" ते नुसतं विचारायचं म्हणून विचारत नव्हते, खरंच लिहून घेत होते. काकांनी सांगितलं, स्पेलिंगसकट. मला दारातून पळायची गरज पडली नाही, पण बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवायची पडली.

प्रेसिडेंटच्या ऑफिसनं क्लबला फोन केला. क्लबनं सांगितलं, पत्ते देता येणार नाहीत, पत्र पाठवलंत तर पोचवू. दोघींनीही आता अठरा वर्षं ओलांडली होती. काकांनी दोन पत्रं लिहिली, लायब्ररीतल्या बाईंनी ती जपानीत केली. काकूंनी दोन्हींवर स्वतःची सही ठोकली. "माझी सही हवीच," त्या म्हणाल्या, "नुसता म्हाताऱ्याचा कागद बघून ती पोरगी पोलिसांत जाईल, आणि बरोबरच करेल." प्रत्येक पत्राबरोबर काकांनी त्या मुलीच्या सगळ्या मॅचेसची पानं झेरॉक्स करून जोडली, आणि बाईंनी कडेला नोंदींचा जपानी अर्थ लिहून दिला. मूळ रजिस्टर द्यायची त्यांची छाती झाली नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

दुसरीचं उत्तर आलं नाही. क्लबनं एवढंच कळवलं की तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला सध्या फुटबॉलविषयी बोलायचं नाही. काका ते पत्र दोनदा वाचून म्हणाले, "ठीक आहे. लोकेशन कळलं." पण त्यानंतर आठवडाभर ते कोणाशी धड बोलत नव्हते.

जानेवारीत पहिलीचं आलं. मी, काकू आणि लायब्ररीतल्या बाई काकांच्या डायनिंग टेबलाभोवती बसलो आणि बाईंनी वाचून सांगितलं. ती एका बेकरीत काम करते. फुटबॉल सोडून पावणेतीन वर्षं झाली. पानं मिळाली, सगळी वाचली. डाव्या पायाविषयी लिहिलं आहे ते खरं आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. मात्र सप्टेंबरातल्या दुसऱ्या मॅचमध्ये एकोणिसाव्या मिनिटाला दिलेला लांब पास डाव्या पायानं हुकला अशी नोंद आहे, ती चुकीची आहे. तो पास उजव्या पायानं दिला होता आणि तो पोचला होता. कृपया दुरुस्ती करावी.

काकूंना हसू आवरेना. "घ्या! बेकरीतनं ऑडिट आलं."

काका खाली गेले आणि रजिस्टर घेऊन आले. क्वालिटीच्या नोंदीत चूक दुरुस्त करायची एक रीत असते. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरगट नाही. चुकीवर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरी नोंद, सही, तारीख. काकांनी ते पान काढलं, 'डावा' वर रेघ मारली, 'उजवा' लिहिलं. 'हुकला' वर रेघ मारली, 'पोचला' लिहिलं. सही केली, तारीख घातली. मग पेन ठेवायचं सोडून त्या पानाकडे बघत बसले. मला वाटलं, परत चूक निघाली म्हणून मनाला लागलं. मी म्हटलं, "काका, एवढ्या लांबून दिसतं तरी कसं, होते चूक."

"ते नाही गं," काका म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि आवाजात नागपूर पुरतं परत आलं होतं. "पावणेतीन वर्षं झाली, पोरगी पाव भाजून राहिली, अन् तिला मिनिट पाठ आहे. मला वाटे, मी एकटाच मोजून राहिलो."